परक्या गव्हाची किंमत

साठच्या दशकात मुंबई-पुण्यात रेशनच्या दुकानासमोर पिशवी घेऊन उभ्या राहिलेल्या पिढीला अमेरिकेचा लालसर गहू अजून आठवतो. त्याच्या पोळ्या चामट होत, गार झाल्यावर तोडवत नसत. तरीही दुकानात गहू आल्याची बातमी चाळीत पसरली की रांग वाढत जाई. पीएल ४८० हे एका अमेरिकी कायद्याचे रूक्ष नाव, पण मराठी घरांत ते सहज रुळले होते. हा गहू किती यावा, केव्हा यावा आणि कधी अडवून धरावा हे वॉशिंग्टनमध्ये ठरे. १९६५ ते १९६७ या तीन वर्षांत तर ते बहुतांशी एकाच माणसाच्या, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या, लहरीवर आणि हिशेबांवर ठरत होते. त्या हिशेबांशी भारताच्या वतीने ज्यांना रोज झुंजावे लागले ते अन्न व कृषिमंत्री म्हणजे चिदंबरम सुब्रमण्यम. महाराष्ट्राने त्यांना १९९० ते १९९३ या काळात राज्यपाल म्हणून पाहिले. मलबार हिलवरच्या राजभवनात राहणाऱ्या या वयोवृद्ध गृहस्थांनी पंचवीस वर्षांपूर्वी काय सोसले होते, याची कल्पना तेव्हाही फार थोड्यांना होती.

सुब्रमण्यम यांचा जन्म ३० जानेवारी १९१० रोजी कोईमतूर जिल्ह्यात पोल्लाचीजवळच्या सेंगुट्टैपाळयम या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी पदार्थविज्ञान घेतले आणि नंतर कायद्याची पदवी मिळवली. शेतकऱ्याचा मुलगा, विज्ञानाचा विद्यार्थी आणि वकील, हे तिन्ही गुण पुढे त्यांच्या कामात उतरले. सविनय कायदेभंगात १९३२ साली आणि पुन्हा १९४२ मध्ये ते तुरुंगात गेले. घटना समितीचे ते सदस्य होते. १९५२ पासून दहा वर्षे ते मद्रास राज्यात मंत्री होते. राजाजींनी पद सोडले तेव्हा, १९५४ मध्ये, त्यांच्या पाठिंब्यावर सुब्रमण्यम नेतेपदासाठी कामराज यांच्या विरुद्ध उभे राहिले आणि हरले. कामराज यांनी या पराभूत प्रतिस्पर्ध्याला सन्मानाने आपल्या मंत्रिमंडळात घेतले आणि शिक्षणासारखी मोठी खाती त्यांच्याकडे ठेवली. त्या काळच्या राजकारणात असा मोठेपणा अगदीच दुर्मिळ नव्हता.

१९६२ साली लोकसभेवर निवडून आल्यावर नेहरूंनी त्यांना पोलाद आणि अवजड उद्योग हे खाते दिले. परदेशी मदतीच्या राजकारणाचा पहिला धडा त्यांनी येथेच घेतला. बोकारोला सरकारी मालकीचा पोलाद कारखाना उभारायचा होता आणि त्यासाठी भारताने अमेरिकेकडे साहाय्य मागितले होते. भिलाई रशियाने, राऊरकेला जर्मनीने, दुर्गापूर ब्रिटनने उभारून दिले होते, तेव्हा चौथा कारखाना अमेरिकेने द्यावा यात दोन्ही बाजूंना अर्थ होता. राष्ट्राध्यक्ष केनेडी अनुकूल होते आणि दिल्लीतील अमेरिकी राजदूत गॅलब्रेथ यांनी तर हा प्रश्न आपलाच मानला होता. अडचण कारखान्याच्या तंत्राची नव्हती, मालकीची होती. सरकारी मालकीच्या उद्योगाला अमेरिकी करदात्याचा पैसा का द्यावा, असा प्रश्न वॉशिंग्टनमध्ये उभा राहिला. अमेरिकी काँग्रेसमध्ये विरोध वाढत गेला आणि केनेडींची अधिक शोभा होऊ नये म्हणून १९६३ च्या उत्तरार्धात भारतानेच आपली मागणी मागे घेतली. सोव्हिएत युनियनने ती संधी लगेच साधली. जानेवारी १९६५ मध्ये मॉस्कोशी करार झाला. देणाऱ्याच्या घरात कोणते वारे वाहत आहेत यावर मदत ठरते आणि घेणाऱ्याची निकड त्यानंतर पाहिली जाते, हे सुब्रमण्यम यांनी मंत्रालयातील कागदांवर प्रत्यक्ष पाहिले.

पीएल ४८० चे मूळही अमेरिकेच्या घरच्याच राजकारणात होते. शेतकऱ्यांना हमीभाव देण्याच्या धोरणामुळे तेथील सरकारी कोठारे गव्हाने ओसंडून वाहत होती. साठवणुकीचा खर्चच डोईजड झाला होता, आणि गहू खुल्या बाजारात ओतला तर भाव कोसळून शेतकरी-मतदार बिथरला असता. म्हणून १९५४ च्या कायद्याने तो गरीब मित्रराष्ट्रांना त्यांच्याच चलनात विकण्याची सोय करण्यात आली. भारताचा पहिला करार १९५६ मध्ये झाला. डॉलर खर्च न करता रुपयांत गहू मिळतो, तो पैसाही येथेच अमेरिकेच्या खात्यात राहतो आणि त्यातला मोठा भाग कर्जाऊ परत मिळतो, हा व्यवहार दिल्लीला सोयीचा वाटला. मुंबईचे बिनराजाचे राजे समजले जाणारे स. का. पाटील अन्नमंत्री असताना, मे १९६० मध्ये, त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ मिळवण्याचा मोठा करार केला. सदोबांचे त्या वेळी कौतुकच झाले. त्यांनी ज्या देशाच्या अन्नाची चिंता मिटवली त्याच देशात मग शेतीवर खर्च करण्याची निकड कमी झाली, हे नंतर लक्षात आले. शहरांना स्वस्त गहू मिळे, त्यामुळे गावातल्या शेतकऱ्याला भाव मिळत नसे, आणि भाव नाही म्हणून तो खत-पाण्यावर खर्च करीत नसे. नियोजन मंडळाचे लक्ष पोलादावर आणि यंत्रांवर होते. (गाजरगवत याच गव्हातून आले अशी समजूत महाराष्ट्रात खोलवर रुजलेली आहे. पुण्याच्या परिसरात त्याची नोंद १९५५-५६ च्या सुमारास, म्हणजे पहिल्या कराराच्या आगेमागेच झाली होती. तरी ते काँग्रेस गवत ठरले ते ठरलेच.)

जून १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सुब्रमण्यम यांना अन्न व कृषी खाते दिले, तेव्हा त्या खात्याची ख्याती राजकीय स्मशान अशी होती. पोलादासारखे मानाचे खाते सोडून ते स्वीकारणे हा अनेकांना वेडेपणा वाटला. सुब्रमण्यम यांनी मात्र थोड्याच दिवसांत आपली दिशा ठरवली. शेतकऱ्याला परवडेल असा भाव दिला पाहिजे. कृषी संशोधनाची सूत्रे नोकरशहांच्या हातून शास्त्रज्ञांच्या हाती गेली पाहिजेत. आणि जेथे पाण्याची शाश्वती आहे तेथे बियाणे व खत एकवटून दिले पाहिजे. जानेवारी १९६५ मध्ये अन्न महामंडळ स्थापन झाले, त्याच सुमारास मुंबई विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली कृषी मूल्य आयोग अस्तित्वात आला. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या प्रमुखपदी प्रथमच एक शास्त्रज्ञ, डॉ. बी. पी. पाल, आले. बी. शिवरामन यांच्यासारखा कर्तबगार सचिव त्यांनी निवडून आणला. यातले काहीही अमेरिकेच्या सांगण्यावरून झालेले नव्हते, हे पुढील हकिगतीच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

विरोध भरपूर होता. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना खतांच्या आयातीसाठी परकीय चलन देणे मंजूर नव्हते. डाव्यांना ही योजना बड्या शेतकऱ्यांचे भले करणारी वाटे. ज्या राज्यांत धान्य अधिक पिके त्यांचे मुख्यमंत्री ते बाहेर जाऊ देत नसत, ज्या राज्यांत कमी पिके ते केंद्राच्या नावाने बोटे मोडत. त्यात फेब्रुवारी १९६५ मध्ये हिंदीच्या प्रश्नावर मद्रास राज्य पेटले आणि सुब्रमण्यम यांनी राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही. पण केंद्रात असूनही आपल्या राज्यात उपरा ठरणे म्हणजे काय याचा अनुभव त्यांना तेव्हापासून येऊ लागला.

त्या वर्षीचा पाऊस दगा देणारा ठरला. १९६४-६५ मध्ये ८ कोटी ९० लाख टनांच्या घरात गेलेले अन्नधान्याचे उत्पादन १९६५-६६ मध्ये ७ कोटी २० लाख टनांवर आले. नेमक्या याच वेळी, ३० जून १९६५ रोजी, अमेरिकेशी असलेला करार संपला आणि जॉन्सन यांनी नवा दीर्घ मुदतीचा करार करण्यास नकार दिला. यापुढे गहू महिन्या-दोन महिन्यांच्या हप्त्यांनी मिळेल आणि प्रत्येक हप्त्याला त्यांची स्वतःची मंजुरी लागेल असे ठरले. सप्टेंबरात भारत-पाकिस्तान युद्ध सुरू होताच दोन्ही देशांची लष्करी मदत आणि नवे आर्थिक साहाय्य थांबवण्यात आले.

जॉन्सन यांच्या वागण्यामागे एकच कारण शोधणे चुकीचे ठरेल. अमेरिकेतला शिल्लक गव्हाचा साठा खरोखरच कमी होत चालला होता. परदेशी मदतीवर काँग्रेस नाखूष होती. टेक्सासच्या खेड्यात वाढलेल्या या माणसाला शेतीची जाण होती आणि भारताने शेतीकडे दुर्लक्ष केले आहे हे त्यांचे मत निराधार नव्हते. श्रीमंत युरोपनेही भार उचलावा असे त्यांना वाटे. याबरोबरच व्हिएतनाम होता. तेथील बॉम्बवर्षावावर दिल्लीहून होणारी टीका त्यांना झोंबत होती. एप्रिल १९६५ मध्ये त्यांनी शास्त्रींची ठरलेली अमेरिका भेट ऐनवेळी पुढे ढकलली, तेव्हाच संबंधांत कडवटपणा आला होता. भारतातल्या पावसाचे नकाशे जॉन्सन स्वतः पाहत, कोणते जहाज कधी निघणार याची माहिती मागवत. जगातल्या सर्वात सामर्थ्यशाली राष्ट्राचा प्रमुख दुसऱ्या देशाच्या ढगांचा हिशेब ठेवतो, ही गोष्ट मदतीच्या इतिहासात एकमेव असावी.

अशा वेळी नोव्हेंबर १९६५ मध्ये रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची परिषद भरली. तेथे सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांची २५ नोव्हेंबर रोजी बोलणी होऊन एक गुप्त समझोता झाला. चौथ्या योजनेत शेतीवरचा खर्च वाढवायचा, खताचा पुरवठा ठरावीक मर्यादेपर्यंत न्यायचा, परदेशी खत कंपन्यांना किंमत आणि वितरण ठरवण्याची मुभा द्यायची आणि १९७०-७१ पर्यंत सुमारे सव्वातीन कोटी एकरांवर अधिक उत्पादन देणारी वाणे पोचवायची, अशी कलमे त्यात होती. हे सारे भारताने आपले धोरण म्हणून संसदेत जाहीर करायचे आणि त्यानंतर अमेरिकेने गव्हाचा ओघ सुरू करायचा, असा हा क्रम होता.

या समझोत्याकडे दोन नजरांनी पाहता येते. एका सार्वभौम देशाचे कृषी धोरण परक्या भूमीवर, परक्या मंत्र्यासमोर कागदावर उतरले, ही नामुष्की होती यात शंका नाही. मात्र त्या कागदावरील बहुतेक कलमे सुब्रमण्यम यांच्याच फायलींतली होती. वर्षभर मंत्रिमंडळात जी त्यांना मान्य करून घेता येत नव्हती ती आता गव्हाच्या अडवणुकीमुळे मान्य होणार होती. बाहेरचा दाब त्यांनी घरच्या भांडणात वापरून घेतला. डिसेंबरच्या सुरुवातीला मंत्रिमंडळाने कार्यक्रम स्वीकारला आणि सुब्रमण्यम यांनी तो लोकसभेत मांडला. काही दिवसांतच जॉन्सन यांनी १५ लाख टन गहू आणि खतासाठी ५ कोटी डॉलरचे कर्ज जाहीर केले. महिनाअखेरीस कृष्णम्माचारी मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्याला निमित्त वेगळे होते, पण शेतीच्या वाटेतला एक मोठा अडसर त्यामुळे दूर झाला. रोमची बातमी देशात फुटली असती तर बाहेर पडण्याची पाळी सुब्रमण्यम यांच्यावरच आली असती.

जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्रींचे निधन झाले. सुब्रमण्यम यांना शास्त्रींचा जो आधार होता तो गेला, तरी इंदिरा गांधींनी त्यांना त्याच खात्यात ठेवले. मार्चअखेर इंदिराजी वॉशिंग्टनला गेल्या. जॉन्सन त्यांच्यावर प्रसन्न झाले आणि त्यांनी काँग्रेसला संदेश पाठवून आणखी ३५ लाख टन धान्य देण्यास संमती मिळवली. त्याच भेटीत भारतात साठलेल्या पीएल ४८० च्या रुपयांतून एक भारत-अमेरिका शिक्षण प्रतिष्ठान काढण्याची कल्पना जाहीर झाली. तिच्यावर येथे एवढे काहूर उठले की ती मागे घ्यावी लागली. परक्याच्या पैशाबद्दलचा संशय त्या दिवसांत केवढा तीव्र होता हे त्यावरून दिसते.

यानंतर आला रुपयाच्या अवमूल्यनाचा निर्णय. जागतिक बँक १९६४-६५ पासून त्यासाठी आग्रह धरून होती. ६ जून १९६६ रोजी डॉलरची किंमत ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे झाली. अर्थमंत्री सचिंद्र चौधरी, नियोजनमंत्री अशोक मेहता आणि सुब्रमण्यम या तिघांचा निर्णयाला पाठिंबा होता. काँग्रेस अध्यक्ष कामराज यांना तो आधी विचारातही घेतला नाही याचा संताप आला. बदल्यात मिळणारे साहाय्य वर्षाला सुमारे ९० कोटी डॉलर असेल आणि ते काही वर्षे चालेल, अशी दिल्लीची समजूत होती. पहिल्या वर्षानंतर ते आटत गेले. दुसऱ्या वर्षीही पाऊस हुकला, निर्यात वाढली नाही, महागाई मात्र वाढली. अर्थव्यवस्था थोडी मोकळी करण्याचा तो प्रयत्न अमेरिकेपुढची शरणागती म्हणून बदनाम झाला आणि तशा सुधारणांचे नाव काढण्याची हिंमत पुढील पंचवीस वर्षे फारशी कोणी केली नाही. जेथे देशातल्या कोणाला तरी सुधारणा मनापासून हवी होती तेथे परकी अट उपयोगी पडली. जेथे तिला घरचे राजकीय पाठबळ नव्हते तेथे त्याच अटीने सुधारणेचाच घात केला. शेती आणि रुपया या दोन निर्णयांची नशिबे इतकी वेगळी झाली त्याचे मुख्य कारण हेच दिसते.

जुलै १९६६ मध्ये इंदिराजींनी व्हिएतनामबाबत तोडग्याचा प्रस्ताव मांडला आणि मॉस्को भेटीतल्या संयुक्त निवेदनात साम्राज्यवाद्यांवर टीका करणारी भाषा आली. वॉशिंग्टनमध्ये त्याचे पडसाद उमटायला वेळ लागला नाही. ऑगस्टपासून नव्या गव्हाची मंजुरी थांबली. त्या वेळी बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात विहिरी कोरड्या पडत होत्या. दिल्लीतील राजदूत चेस्टर बोल्स आणि खुद्द फ्रीमन हेही धान्य सोडण्याचा आग्रह करीत होते, पण मंजुरी मिळाली ती डिसेंबरच्या उत्तरार्धाआधी नाही. दरम्यान सुब्रमण्यम यांच्या मंत्रालयात कोणत्या बंदरात कोणते जहाज लागणार, त्यातून किती धान्य कोणत्या राज्याला जाणार, याचे कोष्टक रोज नव्याने मांडले जाई. १९६६ साली भारताने सुमारे १ कोटी टन धान्य आयात केले. अमेरिकेच्या गव्हाच्या पिकातला जवळजवळ पाचवा हिस्सा त्या काळात भारताकडे आला. एवढे देऊनही अमेरिकेला भारतात कृतज्ञता मिळाली नाही. गहू आला तो उपकार म्हणून नव्हे तर अवमान म्हणून लोकांच्या लक्षात राहिला. चार महिन्यांच्या अडवणुकीने दहा वर्षांच्या औदार्यावर पाणी फिरवले.

या गदारोळात सुब्रमण्यम यांचे खरे लक्ष वेगळ्याच जहाजावर होते. मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी विकसित केलेल्या बुटक्या गव्हाची वाणे १९६३ मध्ये चाचणीसाठी भारतात आली होती. डॉ. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शेतकऱ्यांच्या रानात लावून दाखवली होती. पिकाने मान टाकली नाही, खत पचवले आणि उतारा कित्येक पट दिला. यापुढे वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत बी वाढवत बसायचे की एकदम मोठी आयात करायची, हा प्रश्न होता. सुब्रमण्यम यांनी दुसरा मार्ग धरला. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणे आले. तोवर जगात कोणी एवढ्या प्रमाणात बी विकत आणले नव्हते. हे बी दान म्हणून आलेले नव्हते. परकीय चलनाची चणचण असताना भारताने ते रोख पैसे देऊन घेतले होते. रोग पडला तर, शेतकऱ्याने नाकारले तर, असे अनेक प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी आणि खासदारांनी विचारले. मंत्र्यांनी आपल्या दिल्लीतल्या बंगल्याच्या आवारातील क्रिकेटचे मैदान नांगरून तेथे तोच गहू पेरला. शेतकऱ्याच्या मुलाला हा युक्तिवाद भाषणापेक्षा सोपा वाटला असावा.

मदतीचा सर्वाधिक उपयोग कोठे झाला असे विचारले तर उत्तर येथे सापडते. रॉकफेलर प्रतिष्ठानने संशोधनाला दिलेला पैसा आणि माणसे, पंतनगर आणि लुधियाना येथील कृषी विद्यापीठांना अमेरिकी विद्यापीठांनी दिलेला हात, खतासाठीचे कर्ज, या तुलनेने किरकोळ रकमा होत्या. त्यांनी लाखो टन गव्हापेक्षा अधिक काम केले. त्यांच्याबद्दल ना वॉशिंग्टनमध्ये वादळ उठले ना दिल्लीत मोर्चे निघाले. लोकांना न आवडणाऱ्या लाल दाण्याच्या जागी लुधियाना आणि दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी कल्याणसोना, सोनालिका अशी पिवळसर दाण्याची वाणे निवडून काढली आणि पोळीचा प्रश्नही मिटला.

पेरलेले उगवण्याआधीच निवडणूक आली. फेब्रुवारी १९६७ मध्ये मद्रास राज्यात काँग्रेसचा धुव्वा उडाला. हिंदीविरोधी आंदोलनाचा राग होताच, शिवाय तांदळाची टंचाई होती. रुपयाला तीन माप तांदूळ देण्याचे आश्वासन अण्णादुराईंच्या द्रमुकने दिले होते. केंद्रात अन्न खाते सांभाळणाऱ्या सुब्रमण्यम यांच्याकडे त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते, कारण त्यांचा हवाला पुढच्या हंगामावर होता. ते हरले. कामराजही विरुदुनगरला हरले. एप्रिलमध्ये बिहारच्या काही भागांत सरकारने अधिकृतपणे दुष्काळ जाहीर केला, तेव्हा अन्न खाते जगजीवनराम यांच्याकडे गेलेले होते.

आणि वर्षभरात, १९६७-६८ च्या हंगामात, गव्हाचे उत्पादन १ कोटी १४ लाख टनांवरून १ कोटी ६५ लाख टनांवर गेले. पंजाबात गहू ठेवायला जागा पुरेना, म्हणून शाळा रिकाम्या करून पोती रचावी लागली. जुलै १९६८ मध्ये इंदिराजींच्या हस्ते गहू क्रांतीचे टपाल तिकीट निघाले. हरितक्रांती हा शब्द त्याच वर्षी प्रचारात आणला तो अमेरिकेच्या मदत खात्याच्या प्रमुखांनी, विल्यम गॉड यांनी. श्रेयाची वाटणी अशी झाली. अडवणूक केल्यामुळेच भारत शहाणा झाला, असे जॉन्सन यांच्या समर्थकांनी पुढे मानले. त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. भाव, महामंडळ, संशोधनाची पुनर्रचना आणि बियाण्यांच्या चाचण्या या गोष्टी रोमच्या आधीच्या आहेत. दाबामुळे खर्चाच्या मंजुरीला वेग आला, हे मात्र नाकारता येत नाही.

अडवणुकीचा सर्वात खोल परिणाम झाला तो दिल्लीच्या मनावर. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून नियोजन मंडळाच्या उपाध्यक्षपदी गेलेल्या धनंजयराव गाडगीळ यांच्या देखरेखीखाली चौथी योजना तयार झाली. सवलतीच्या धान्याची आयात १९७१ पर्यंत बंद करायची आणि परकीय साहाय्याचे प्रमाण निम्म्यावर आणायचे, हे तिचे उद्दिष्ट होते. पहिले साध्य झाले. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी अमेरिकेने पुन्हा मदत थांबवली तेव्हा भारताच्या चुलीवर त्याचा परिणाम झाला नाही. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात जो मिलो खाल्ला आणि ज्याला मनसोक्त नावे ठेवली, तो अमेरिकेचा असला तरी रोख पैसे मोजून आणलेला होता. फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकी राजदूत मॉयनिहन यांनी साठलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटींचा धनादेश भारत सरकारला देऊन पीएल ४८० चे खाते बरेचसे मिटवले.

सुब्रमण्यम यांना १९६७ च्या पराभवानंतर राजकारणात पूर्वीचा जोर पुन्हा मिळाला नाही. १९६९ च्या फुटीत ते इंदिराजींबरोबर राहिले आणि काही काळ त्या पक्षाचे हंगामी अध्यक्ष झाले. ऑक्टोबर १९७४ मध्ये यशवंतराव चव्हाणांकडून अर्थखात्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. प्रादेशिक ग्रामीण बँका त्यांच्या कारकिर्दीतल्या. आणीबाणीत ते मंत्रिपदावर कायम राहिले, ही त्यांच्या चरित्रातील दुबळी बाजू. १९७९ मध्ये चरणसिंहांच्या अल्पजीवी सरकारात ते संरक्षणमंत्री होते.

राज्यपाल म्हणून ते मुंबईत असतानाच, जुलै १९९१ मध्ये, रुपयाचे पुन्हा अवमूल्यन झाले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी, परकीय चलनाचा खडखडाट, विरोधकांचा शरणागतीचा आरोप, सारे तसेच होते. फरक इतकाच की या वेळी सरकारातच त्या बदलाचे खंदे पुरस्कर्ते होते आणि देशात धान्याचा साठा होता. जानेवारी १९९३ मध्ये पंतप्रधान नरसिंह राव यांच्या कार्यपद्धतीवर खासगी संभाषणात केलेली टीका प्रसिद्ध झाली, तेव्हा वयाच्या ८३ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांनी राज्यपालपद सोडले.

१९९८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. त्याच वर्षी मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या, पाकिस्ताननेही केल्या आणि अमेरिकेने दोन्ही देशांवर निर्बंध लादले. दोन महिने होतात न होतात तोच अमेरिकी काँग्रेसने कायदा करून धान्यविक्रीसाठीची कर्जे त्या निर्बंधांतून वगळली, कारण पाकिस्तानला जाणारा गहू अडला असता तर तेथल्या गहू उत्पादकांचे नुकसान झाले असते. भारताला या सवलतीची गरज नव्हती. सुब्रमण्यम ७ नोव्हेंबर २००० रोजी चेन्नईत वारले. ज्या अन्न महामंडळाची स्थापना त्यांनी केली होती त्याच्या हिशेबी त्या दिवसांत सुमारे ४ कोटी टन धान्य पडून होते, आणि ते ठेवायचे कुठे यावर दिल्लीत खल चालला होता.